मागणीची लवचीकता

सर विचारतात, "काही शंका?"
बासष्ट माइक बंद.
माझाही.

शंका मी रात्री त्याला विचारते,
मार्केट यार्डातनं आल्यावर.
आज पाचव्यांदा तीच.
तो वैतागत नाही.
सफरचंदं, मग कॉफी,
मग पुन्हा सफरचंदं.

म्हटलं, गुळाचं सांग की.
सांगितलं. मुद्देसूद.
नुसतं चिकटवायचं राहिलं होतं.

पण त्यात सकाळचा सौदा नव्हता,
रव्याचा खडा जिभेवर ठेवून
कुणाकडंच न बघणारा
मगदूमअण्णा नव्हता.

सगळं पुसलं. एकच ओळ लिहिली:
अण्णा जितका वेळ गप्प,
तितका भाव खाली.

बरोबर आहे का,
त्याला विचारायला बोट गेलं.
नखात अजून गूळ, स्क्रीन हलेना.
हात धुऊन येईस्तोवर
बारा वाजले.
उत्तर आपोआप जमा झालेलं.