आठ चाळीसचा आवाज

हाम्बुर्गला, नदीच्या दक्षिण काठावर,
जिथे फेरी शेवटचा हिसका देऊन थांबते,
त्या थिएटरात मी अकरा वर्षं कोट सांभाळते.
ओले, लोकरीचे, कुत्र्याचे केस चिकटलेले,
खिशात विसरलेल्या संत्र्याचा वास येणारे.

नाटक मी पाहिलेलं नाही.
ऐकलंय, भिंतीतून.
भिंत आधी व्यंजनं गिळते,
माझ्यापर्यंत पोचतात ते नुसते स्वर,
चाल शाबूत, शब्द भिजलेले.

तर माझ्या हाती लागलेली गोष्ट अशी:
एक घंटा ओतणाऱ्याची मुलगी आहे,
एक भाऊ आहे, बहुतेक हरवलेला,
आणि आठ वाजून चाळीस मिनिटांनी
काहीतरी पडतं.

धप्प.

माझे रिकामे हँगर एकमेकांना लागून किणकिणतात.
मग सतराशे माणसं श्वास घ्यायचं विसरतात.
हो, तेही भिंतीतून ऐकू येतं.

काय पडतं ते सांगायला सगळे टपलेले असतात.
मी सांगू देत नाही.
तोंड उघडलंत तर कोट मिळणार नाही, म्हणते.

आता त्याचा सिनेमा येतोय, फेब्रुवारीत.
खेळ सुटला तरी काउंटरपुढची माणसं हलत नाहीत,
एक हात बाहीत, एक बाहेर, आणि वाद.

येल्टो नर्सिंग शिकतो, एकोणीस वर्षांचा.
त्रेपन्न सेकंदांचा ट्रेलर
त्याने ताप मोजावा तसा मोजलाय.
"एकतिसावा सेकंद, डावा कोपरा, टोपलीवाली बाई!
आपली रेन्स्के आहे ती!"
रेन्स्के म्हणजे नायिका आजारी पडली की उभी राहायची ती,
दोन हंगामांत नऊ रात्री.
सिनेमात तिला टोपली मिळाली.
येल्टो रडला, म्हणाला, आनंदाने.

वीब्के ओल्टमान्स बंदरात क्रेन चालवून निवृत्त झाली.
दर दुसऱ्या गुरुवारी येते, एकशे सतराच नंबर मागते,
कारण त्या खुंटीमागून गरम पाण्याचा पाइप जातो
आणि घरी जाताना कोट भाकरीसारखा शेकलेला असतो.
"भट्टीचं गाणं कापलंय म्हणे," ती म्हणते.
"कापू देत. मी खुर्चीत बसून म्हणेन.
बाहेर काढतील? काढू देत.
आणि त्या पोरीचा आवाज ऐकलास?
धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.
इथे कशी तिसऱ्या कडव्याआधी खाकरायची!"

ट्रेलरमध्ये धप्प नाही.
येल्टो म्हणतो, राखून ठेवलंय.
वीब्के म्हणते, विसरले, बघ तू.
मी दोघांना कोट देते.

त्यांना कसं सांगू,
अकरा वर्षांत माझ्या भिंतीपलीकडे काय काय पडलंय.
कधी घंटा, कधी भाऊ.
आई गेली त्या आठवड्यात बटाट्यांचं पोतं.
आणि बरेचदा नुसती एक बाई,
दिवसभर उभी राहून कंटाळलेली,
जी अखेर खाली बसते.

त्यांनी माझंही तिकीट काढलंय.
पहिला दिवस, सातवी रांग, मधली खुर्ची,
दोन्ही बाजूंनी पहारा.
मी विचारलं, तिथे कोट कुठे ठेवतात?
येल्टो हसला. "मांडीवर."

मांडीवर!
म्हणजे कुणी घेणार नाही, कुणी बिल्ला देणार नाही,
आणि ते जे काय आहे ते पडेल
तेव्हा किणकिणायला आसपास काहीच नसेल.

काल रात्री मी एक हँगर पिशवीत टाकला.
सध्या दाराला अडकवलाय.
तो न्यायचा की नाही,
आणि त्या क्षणी डोळे उघडे ठेवायचे की नाही,
दोन्ही ठरायचंय.
फेब्रुवारीला अजून सहा आठवडे आहेत.
आज गुरुवार. पाऊस आहे, कोट जड येणार.