अंगठ्याची जागा

लाइपझिगमध्ये, ट्राम जिथे कण्हत वळते तिथे,
तिसऱ्या मजल्यावर आम्ही सिनेमांखाली ओळी लिहितो,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.
'दार आपटतं.' 'लांब कुठेतरी कुत्रा.'

माझ्यापुढे तीन यंत्रं. तीन तिगाडं.
कॉपी म्हणायला एकाला करंगळी लागते,
एकाला अंगठा,
तिसऱ्याला, काळ्या खिडकीत, वर शिफ्टची शिफारस.
शिवाय जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायने
घरं बदललेली,
म्हणून इथे चूक मागे घ्यायची
तर दोन्ही हात लागतात.

मार्चमध्ये फोल्कमार निवृत्त झाला,
त्याचं मॅक माझ्याकडे आलं.
कमांडची कळ घासून गुळगुळीत, वरचं चिन्ह गेलेलं.
पहिल्याच रात्री ईमेलमधल्या ॲटसाठी
सवयीने मी उजवा अंगठा ठेवला, क्यू दाबला,
आणि सगळं बंद.
आमचं जुनं सॉफ्टवेअर विचारतसुद्धा नाही.
चाळीस मिनिटं पुन्हा मुकी झाली.

'राहू दे,' हेनिंग म्हणाला, 'अंगवळणी पडेल.'
मी म्हटलं, अंग एकच आहे रे, वळणं तीन.

दोन रात्री बसून एक फाइल लिहिली:
ही कळ म्हणजे ती, ती म्हणजे ही,
अमुक खिडकीत मात्र नाही, तमुक खिडकीत मात्र हो.
तिसऱ्या पहाटे तिन्ही यंत्रं
एकाच बोटाचं ऐकू लागली.
मी उगाचच एक ओळ
कापली, चिकटवली, कापली, चिकटवली.

गुरुवारी फोल्कमार आला, कॉफीचा मग न्यायला.
पडद्यावर 'पाऊस थांबतो' दिसलं.
'थांबत नाही, ओसरतो,' म्हणाला,
आणि न विचारता खुर्चीत बसला.
ओळ सुधारली. जतन करायला
अंगठा आपोआप गेला त्या गुळगुळीत कळीवर.
काहीच झालं नाही.
पुन्हा दाबला.
मग अंगठ्याकडे असा बघत राहिला
की जणू तोच निवृत्त झालाय, हा नव्हे.

सुंभ जळतो, पीळ राहतो, हे मी त्याला जर्मनमध्ये
सांगायला गेले, जमलं नाही.

तो गेल्यावर फाइल उघडली,
सगळ्यात खाली एक ओळ वाढवली:
या एका यंत्रावर, जतन करायला,
जुनी जागाही चालेल.
शेजारी टीप: 'फो.साठी. काढू नये.'

हेनिंगने पाहिलं. एवढी नीट फाइल, म्हणाला, आणि हे भोक?

मी 'थांबतो' खोडलेलं पुन्हा एकदा वाचलं.
ओसरतो.
बरोबर होतं त्याचं.