टॉवेलाखाली

डी.एड.च्या पहिल्या वर्षाला मी शिकवते :
प्रेषक. संदेश. माध्यम. ग्राहक. प्रतिसाद.
फळ्यावर दोन चौकोन, मधून बाण.
बाण परत यायला हवा, हे दोनदा सांगते,
कारण पेपरात त्यालाच एक गुण आहे.

बाहेर विश्रामबागच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर
गाणी लावून चाललेला असतो
आणि मला खरसुंडी आठवते.

पौषातली जत्रा. बारा वर्षांची मी,
खोंडाचा कासरा मनगटाला दोन वेढे देऊन उभी.
गिऱ्हाईक म्हणून समोर आला तो गजाबाकाका,
आण्णांचा पाठचा भाऊ.
मधल्या बांधावरचं लिंब कुणाचं, यावरून
नऊ वर्षं बोलणं बंद.

बंद म्हणजे तसं नव्हे.
काका भिंतीला सांगायचा,
"कुणाची तरी शेळी कडवाळात शिरलीय."
आण्णा कुत्र्याला सांगायचे,
"बांधून घालतो म्हणावं."
भिंतीनं आणि कुत्र्यानं
एकही निरोप कधी चुकवला नाही.

मध्ये बाबालाल हेडी.
एरवी टॉवेलाखाली हात त्याचा असायचा,
एकदा विकणाऱ्याच्या हातात, एकदा घेणाऱ्याच्या.
त्या दिवशी अंगठ्याला चिंधी.
"विंचू डसलाय. तुमचं तुम्हीच बघा.
हजारात बोला,"
म्हणत त्यानं दोन उजवे हात ओढले
आणि वर टॉवेल टाकला.

धरलेली बोटं म्हणजे आकडा,
आख्खा पंजा म्हणजे पाच.
आण्णा बघत होते देवळाच्या शिखराकडं,
काका खोंडाच्या खुरांकडं.
हलत होता तो फक्त टॉवेल,
पोत्यात मांजर असावं तसा.

काकानं मान हलवली, सौदा झाला.
झाला की हात बाहेर येतात, ही रीत.
हात आले नाहीत.
शेजारच्या दावणीची जोडी विकली गेली,
गुलाल पडला,
हलगी वाजून थांबली,
हात आतच.

संध्याकाळी चहाच्या पालात
बाबालाल फुर्रकन बशी ओढत होता.
अंगठा उघडा, धड,
नखात तंबाखूचा चुना.

टेंपोत मी विचारलं, "काय बोललासा?"
"भाव."
"एवढा वेळ?"
"बोटं गार पडल्याली त्याची," म्हणाले आण्णा,
आणि पुढं घरापर्यंत नुसता इंजिनाचा आवाज.

बोलणं नंतरही सुरू झालं नाही.
भिंत आणि कुत्रं कामावर होतीच.
फक्त तो खोंड पहिल्यांदा औताला चालला, त्या दिवशी
काकानं भिंतीला
जरा मोठ्यानं सांगितलं.

"मॅडम, अडथळा कुठं दाखवायचा?"
मागच्या बाकावरची मुलगी विचारते.
मी बाणावर आडवी रेघ मारते,
पुस्तकात आहे तशीच,
आणि खडू तिथंच टेकवून
थोडा वेळ उभी राहते.