अर्थ न जोडलेली तार

ओव्हन गेला मंगळवारी,
नानखटाईचा दुसरा घाणा आत असताना.
काचेमागचा पिवळा दिवा मिणमिणला,
मग खट् झालं
आणि त्या काळ्या चौकटीत
माझंच तोंड दिसायला लागलं.

कंपनीचा माणूस म्हणाला, हे मॉडेल बंद झालं.
असं म्हणाला, जणू मलाच कळायला उशीर झाला होता.

नवा आला कॉलेज रोडवरून, थर्माकोलसकट.
कोनाडा पाचशे साठ, ओव्हन पाचशे अडुसष्ट.
आठ मिलिमीटर म्हणजे किती,
बोटांच्या चिमटीत धरून पाहिलं :
नानखटाईवर खोचलेला अर्धा पिस्ता.
मिलिंद म्हणाला, अंबडला आम्ही मायक्रॉनमध्ये बोलतो,
या सुतारांना मिलिमीटरसुद्धा जड.
आणि गेला सेकंड शिफ्टला.

जांगीड सुतार रंधा घेऊन आला,
वायरिंग बघायला पाथर्डी फाट्यावरून खैरनार.
दोघांनी मिळून जुना ओढला,
तो अक्कलदाढेसारखा कुरकुरत निघाला.
मागे सुतळी, वाळलेलं झुरळ,
लेकीच्या पाचवीतल्या प्रकल्पातला चंदेरी तारा,
आणि प्लायवर पेन्सिलीनं कुणाचा तरी मोबाईल नंबर,
नऊच आकडे.

खैरनारनं टॉर्च आत घातला, मान तिरकी केली,
बराच वेळ तिरकीच ठेवली.
"ताई, याला अर्थच जोडलेला नाही.
हिरवी तार नुसती गुंडाळून ठेवलीय,
पहिल्या दिवसापासून.
शॉक नाही बसायचा?"

बसायचा.
शॉक नव्हे, मुंग्या.
हँडलला ओलं बोट लागलं की
कोपरापर्यंत चढायच्या आणि परत फिरायच्या.
मी सांगितलं होतं.
मिलिंद म्हणाला, भास.
सासूबाई म्हणाल्या, अनवाणी उभी राहतेस, वात धरतो.
डॉक्टर निमसेंनी बी-बारा लिहून दिलं,
लाल गोळ्या, दोन महिने.
समोरच्या शिरसाठबाईंनी आवाज खाली आणून विचारलं,
पाळी नियमित आहे ना?
मग मी सांगायचं सोडलं,
मेनरोडवरून रबरी सपाता आणल्या, ऐंशी रुपयांच्या.
मिलिंदला कधीच काही झालं नाही.
मिलिंदनं ओव्हन कधीच उघडला नाही.

आम्ही भद्रकालीत राहायचो तेव्हा
आई दिवाळीला पीठ मळून ट्रे बेकरीच्या भट्टीवर न्यायची.
दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून
प्रत्येक नानखटाईला काडीनं तीन टोचे.
भट्टीवाल्या चाचांचे हात मनगटापर्यंत डागलेले असत,
भाजलं की भाजलेलं दिसायचं,
कुणी त्यांना गोळ्या लिहून देत नसे.

जांगीडनं दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर तासले.
भुसा पडला माझ्या मैद्यासारखाच, जरा पिवळा.
खैरनारनं हिरवी तार सोडवली,
सोलली, स्क्रूखाली घट्ट दाबली.
त्याचे पैसे वेगळे घेतले नाहीत.
म्हणाला, ते मागचंच राहिलेलं काम होतं.

ते गेल्यावर मी सपाता काढल्या.
बोट नळाखाली धरलं, हँडलला लावलं.
काही नाही.
दुसरं बोट लावलं. मग अख्खा पंजा.
थंडगार, गप्प पोलाद.
तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं असतं,
पण ओव्हनच्या पुस्तकात लिहिलं होतं
पहिल्यांदा रिकामाच तापवा, अडीचशेवर, अर्धा तास.
तर तो तापवला.
नव्या पत्र्याचा वास बैठकीपर्यंत गेला.

मिलिंद आला रात्री साडेअकराला.
मी त्याच्या ताटाशेजारी
कापून उरलेल्या हिरव्या तारेचं वेटोळं ठेवलं होतं.
बूट काढता काढता त्यानं विचारलं,
"बसला का?"

"बसायचा," मी म्हटलं.