पायरी चौदा

पेटी तशीच आहे.
निळं आभाळ, उडालेली वाळू, पुढची दोन चाकं हवेत,
आणि हेल्मेटच्या आत तोच माणूस,
एकोणचाळीस वर्षांत एका दिवसानंही न पिकलेला.

कुरिअरच्या पोरानं पारस फाट्यावरूनच फोन लावला,
“रूपरावभाऊ, खेळणं आलं तुमचं. नातवासाठी काय?”
हो म्हणालो.
नातू अजून व्हायचा आहे.
तीन पाणबुडी मोटारी भरल्या, तेव्हा एवढे पैसे बाजूला पडले.

रात्री शटर अर्धं ओढून बसतो.
प्लास्टिकच्या फांद्यांवरून एकेक भाग खुडतो
हरभऱ्याचे घाटे खुडावेत तसा,
देठाचा डाग पात्यानं खरवडतो.
पुस्तकातली अक्षरं जपानी, चित्रं मात्र माझ्या भाषेतली :
स्क्रू खऱ्या मापात काढलेला,
वर ठेवून बघायचा, जुळला की तोच.

तिसऱ्या रात्री एक क्लिप, तांदळाच्या कणीएवढी,
टक् म्हणून उडाली.
जुन्या स्पीकरचा चुंबक फरशीभर फिरवला.
एक क्लिप निघाली,
आणि कुणाकुणाच्या पंपांचे सतरा नट.

वरचा टप पारदर्शक. तो आतून रंगवायचा.
म्हणजे लोकांना दिसणार ते आधी लावायचं,
आणि शेवटचा हात कुणाला दिसतच नाही,
तो नुसता पाठीशी उभा राहतो.
एवढं समजायला एक अख्खी संध्याकाळ गेली.
वार्निशच्या सवयीनं मी उलटाच सुरू झालो होतो.

मग पायरी चौदा.
मागचं चाक फिरवणारा पोलादी दांडा,
दोन्ही टोकांना गोटी, बोकडाच्या नळीसारखा.
त्याला स्क्रू नाही, पिन नाही.
दोन वाट्यांच्या मधे नुसता अडकून राहतो,
चाक जमिनीवर आहे तोवर.

शहाऐंशीचा एप्रिल.
थर्मलच्या कॉलनीला तारेचं कुंपण.
आतून मजुमदार साहेबांचा टुटुल गाडी पळवायचा,
बाहेरून आम्ही तिच्यासोबत पळायचो.
एकदा ती तारेखालून आमच्या बाजूला आली
आणि काळ्या वावरात ढेकळावर पोट टेकून
नुसतीच घरघरत राहिली.
मी उचलली.
गरम होती, नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखी.
तेवढ्यात काहीतरी चमकलं
आणि भेगेत गेलं.

आमच्या मातीच्या भेगा, हात कोपरापर्यंत जातो
आणि बोटांना तळ लागत नाही.

“तोड़ दिया इसने,” टुटुल म्हणाला.
रडला नाही, भांडला नाही. नुसतं सांगितलं,
घंटा वाजली असं सांगावं तसं.
बाबांनी साहेबांच्या बंगल्यावर
दोन रविवार गुलाबांना पाणी घातलं, फुकट.
मला काही बोलले नाहीत.
मी पुढे बिघडलेल्या वस्तू उचलायचा धंदाच धरला.

आज अर्धी गाडी टेबलावर होती.
कशाला उचलली, माहीत नाही.
चाक खाली लोंबलं, वाट्या लांब झाल्या.
टिण्ण.

पेटीच्या तळाशी एक सुटा कागद, वर ‘सुधारित’ छापलेलं :
स्पंजच्या चार गोळ्या, साबुदाण्याहून जराशा मोठ्या,
आधी वाटीत घालाव्यात,
म्हणजे दांडा निसटत नाही.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

टुटुल आता कुठे असेल, कुणास ठाऊक.
गुलाब तर कॉलनी पाडली तेव्हाच गेले.
बाबांच्या फोटोला हार आहे,
त्याला कागद दाखवून काय होणार.

स्पंजची पुडी बाजूला सरकवली.
दांडा बसवला. उचलली. टिण्ण.
बसवला. उचलली.
टिण्ण.

आतून रत्नकला ओरडली,
“काय पडून रायलं जी एवढ्या राती?”
“काई नाई,” म्हटलं,
“कोणीबी उचललं तरी पडते हे.”

आणि आणखी एकदा उचलली.