कापणीची तारीख

मीटरभर लांब, मीटरभर रुंद लाकडी चौकट
पाठीला बांधून मी चढतोय बोर्बालाबाईंच्या कुरणात.
कार्पेथियन डोंगरांतली, गिमेश खोऱ्यातली ही उतरण
नकाशावर हिरव्या रेघांनी आखलीय :
मौल्यवान भूदृश्य, वर्ग एक.

चौकट टाकायची, वाकायचं, मोजायचं.
अडतीस जाती.
मी लॅटिनमध्ये पुटपुटतो
आणि बाई वरून दुरुस्त करतात :
"ते होय? ते घंटीगवत.
वाळलं की वाजतं. वाजलं की विळा काढायचा.
आमच्या आजीला कॅलेंडर वाचता येत नव्हतं."

आज एकोणीस जून.
सगळी उतरण खुळखुळतेय.

माझ्या पिशवीतला कागद म्हणतो,
एक जुलैआधी कापू नये,
कापल्यास अनुदान परत.
कागद लिहिला तेव्हा जून गार असायचा.

गोठ्यामागे लेहेल पातं ठोकत बसलाय,
ठक, ठक, आणि मध्येच फोन बघतो.
नॉर्वेतल्या मासळीच्या कारखान्यातून
पंधरा दिवसांची रजा.
अठ्ठावीसला परतीची बस.

पलीकडच्या उतरणीवर मी सकाळीच जाऊन आलो.
मालक वारला, मुलांनी कुंपण घातलं,
सहा वर्षं कुणी पातं लावलं नाही.
पहिल्या वर्षी म्हणे फुलांचा नुसता कहर,
लोक फोटो काढायला यायचे.
मग गवत स्वतःवरच आडवं झालं,
मग भूर्जाची रोपं, मग सावली.
तिथं चौकटीत अकरा.

बाईंनी काही समजावलं नाही.
गोठ्याच्या माळ्यावर चढल्या,
गेल्या साली साठवलेल्या गवताखालचा चुरा झाडला,
भुसा, धूळ, बी, सगळं पदरात गोळा केलं
आणि रानडुकरांनी उकरलेल्या जागी
मूठ मूठ फेकत गेल्या,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा.
"हेही लिही," म्हणाल्या.
मी कागद उलटापालटा केला.
त्याला रकाना नव्हता.

शेऱ्यात लिहिलं : घंटीगवत वाजले, १९ जून.
कार्यालयात हसतील.
पुढे काहीतरी लिहायचं होतं,
जपणं आणि कापणं यांच्याबद्दल,
पण शेऱ्याला दोनच ओळी.

रात्री त्यांच्याच माडीवर झोपलो.
पहाटे, दव असताना,
खाली पात्याचा आवाज सुरू झाला,
लांब, ओला, एका लयीत,
आणि दोन फेऱ्यांमध्ये दगडावर धार.

तारीख भिंतीवर होती.
मी कूस बदलली
भिंतीकडे पाठ करून.