गुरुवारी दुपारी

कुताइसीच्या कुरियर कचेरीतली मुलगी म्हणाली,
तीन दिवस. कामाचे.
मी विचारलं, म्हणजे कोणाच्या कामाचे?
ती हसली नाही.

पाकिटात माझ्या बायकोचा जन्मदाखला.
त्यावर भाषांतर, त्यावर नोटरी, त्यावर शिक्का,
आणि शिक्का खरा आहे असं सांगणारा दुसरा शिक्का.
बावन्न वर्षांपूर्वी ती जन्मली होती
याची बारी शहरातल्या कोणा साहेबाला खात्री हवी आहे,
तीही सतरा तारखेच्या आत.

तिचं नाव त्सिउरी. आमच्या लिपीत पाच अक्षरं.
त्यांच्या लिपीत पासपोर्टवर सहा, दाखल्यावर पाच.
त्या एका अक्षरापायी भाषांतरवाल्याकडे तीन हेलपाटे.

वजन चाळीस ग्रॅम,
पैसे एका डुकराच्या पिल्लाचे.
"किंमत लिहा," मुलगी म्हणाली.
शून्य लिहिलं. शून्य चालत नाही.
मग एक लिहिलं.

पहिल्या रात्री पाकीट तिबिलिसीला.
दुसऱ्या रात्री इस्तंबूल.
तिसऱ्या रात्री लाइपझिग. चौथ्या रात्री लाइपझिग.
पाचव्या रात्री पुन्हा इस्तंबूल,
का, ते फोनवरच्या माणसालाही माहीत नाही.
त्याची वाट बघत मी त्यांच्या धूनवर
अर्धी बादली बटाटे सोलले.

मी बातुमीच्या पुढे कधी गेलेलो नाही.
आता रात्री दोनला उठून
लाइपझिगची खबर घेतो,
तिकडे पोरगं दवाखान्यात असल्यासारखा.

शेजारचा वालिको म्हणतो, एल्गुजा,
रविवारच्या गाडीवाल्याकडे दिलं असतंस
तर चीजबरोबर पोचलं असतं.
खरं आहे. चीज चार दिवसांत पोचतं.
पण तिला पावती हवी होती.
इतकी वर्षं तिथे राहून
पावतीवर विश्वास ठेवायला शिकली आहे.

मग गुरुवार, दुपारी तीन चाळीस:
प्राप्तकर्ता घरी नाही.

घरी नाही!
अकरा वर्षं ती त्या घरात आहे.
सिन्योरा इमाकोलाताला पहाटे कुशीवर वळवते,
चमच्याने भरवते, रात्री दोनदा उठते.
गुरुवारी दुपारी तेवढी सुट्टी.
तेव्हा बागेतल्या बाकावर आपल्याकडच्या बायकांत बसून
सूर्यफुलाच्या बिया फोडते
आणि मला फोन लावते.

म्हणजे खाली बेल वाजत होती
तेव्हा ती मलाच विचारत होती, कुठवर आलं?
आणि मी छातीठोकपणे सांगत होतो,
लाइपझिग.

म्हातारी घरात होती. तिला ऐकू येत नाही.

शुक्रवारी दुसरी खेप: पत्त्यावर असं नाव नाही.
बेलशेजारच्या पट्टीवर म्हातारीचंच आडनाव आहे.
त्सिउरीचं कोणी लावलं नाही,
तिनंही कधी मागितलं नाही.
मी फोनवर ओरडलो, माझ्या भाषेत.
पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला,
पाठवणाऱ्याकडे परत.

आलं. एकोणीस तारखेला.
कोपरे दुमडलेले, अंगावर सात नवी लेबलं.
बेल एकदाच वाजली.
मी घरी होतो. मी घरीच असतो.
परतीचे पैसे वेगळे मोजले, सही केली.

या घरातून गेलेलं काही परत आलं
असं हे पहिलंच.
थोडा वेळ ते टेबलावर ठेवून बसलो,
तिच्या खुर्चीसमोर. उघडलं नाही.

तिनं कचेरीत रडून नवी तारीख आणली आहे.
उद्या रविवार. सात वाजता पुलापाशी गाडी लागते.
चीज फडक्यात बांधलं,
आक्रोड, सुकी आलुबुखार,
आणि मधोमध पाकीट, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत.
तरी वास लागेल कागदाला.
लागू दे.